घरी पत्र : बुरशी, आग आणि पप्याचं लग्न

ती. आई-बाबांस सा.न.,

मी मजेत आहे, खोकला गेला, डबा रोज नेते, ते सगळं सोडा. त्या दिवशी कॉलवर माझं तोंड काळं दिसलं ती काजळी होती, आणि आई तू लगेच "शेतातच राबायचं होतं तर सांगोला काय वाईट होतं" म्हणालीस आणि तेवढ्यात नेट गेलं. म्हणून माझं काम काय, नांगरून गेलेल्या शेतात जुनं गवत-फुलांचं रान परत आणायचं, ते नीट लिहून काढतेय. बाबा, आईला वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

पहिलं आगीचं. इथं अमेरिकेत कॅन्ससमध्ये मार्च-एप्रिल आला की लोक गवताचं रान मुद्दाम पेटवतात. आपल्याकडं डोंगराला वणवा लागला की फॉरेस्टवाले बोंबलत पळतात, इथं आधी फायर खात्याला फोन करून कळवायचं, वारा कुठनं आहे, हवेत ओल किती ते बघायचं, जमत नसेल तर त्या दिवशी सगळे गपचूप घरी. जमत असेल तर वारा ज्या दिशेला चाललाय त्या टोकाचा एक पट्टा आधी हळूहळू जाळून घेतात, म्हणजे नंतरची मोठी आग तिथं पोचली की तिला खायलाच काही उरत नाही. पेटवायला एक डबा असतो डिझेल-पेट्रोलच्या मिश्रणाचा, चालता चालता जळतं तेल थेंब थेंब खाली पडतं. तो डबा माझ्याकडं नसतो! माझ्या पाठीवर पाण्याचा पंप, फवारणीला घेतो तसलाच, आणि अंगात न पेटणारे पिवळे जाड कपडे. पुरुषभर ज्वाळा उठतात, बघता बघता पुढं जातात, मागं नुसतं काळं. काही रँचवाले तर पाहुणे बोलावून आग दाखवतात, पोरं-म्हातारे सगळे बघायला, आपल्या होळीला नसेल एवढी हौस.

का पेटवतात, तर या रानातल्या गवता-फुलझाडांचं निम्म्याहून जास्त अंग जमिनीखालीच असतं. वरचं वाळकं जळतं, पण दोन-चार बोटं खाली फारशी झळ पोचत नाही. काळी जमीन उन्हानं लवकर तापते, कोंब जोरात येतात, आणि सीडर नावाचं झाड रान गिळायला बसलेलं असतं त्याची रोपटी मरतात. सगळं रान एकदम जाळायचं नाही पण, काही भाग राखायचा, कारण रानातल्या मधमाश्यांच्या कितीतरी जाती वाळक्या काड्यांत नाहीतर गवताच्या बुडख्यात असतात. झालं, एवढंच आहे. यात माझ्या जिवाला काही नाही.

आता बुरशीचं. बाबा, तुमचं आयुष्य डाळिंबावर बुरशीनाशक मारण्यात गेलं आणि लेक अमेरिकेत जाऊन बुरशी पोसते, हे तुम्ही चारचौघांत हसून सांगता ते मला कळलंय. पण ही मर रोगाची नाही, ही तीच जी तुम्ही कृषी सेवा केंद्रातनं पुड्यात आणता, व्हॅम. मुळाच्या आत शिरते, तिचे धागे मुळापेक्षा लांबवर जाऊन स्फुरद (फॉस्फरस) ओढून आणतात, बदल्यात झाड तिला साखर देतं. अर्धेलीनं शेत लावल्यासारखंच, फक्त इथं हिशोबावरनं भांडणं कमी. बहुतेक सगळ्या झाडांचा असा वाटेकरी असतो. लॅबमध्ये मी मुळं उकळून पांढरी करते, मग व्हिनेगरमध्ये निळी शाई टाकून त्यात बुडवते, भिंगाखाली ठेवलं की एकेका पेशीत निळं इवलंसं झुडूप उभं असतं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला तुम्हाला फोन लावावासा वाटला होता, तुमच्याकडं रात्रीचे दोन वाजले होते.

आणि ही बुरशी फुलांना नि मधमाश्यांना कशाला, तर ऐका. इथं उंच गवताची प्रेअरी, म्हणजे मोकळं गवताळ रान, होती अफाट. १८३७ ला इलिनॉयमध्ये जॉन डिअर नावाच्या लोहारानं गुळगुळीत पोलादाचा नांगर केला (हो, अण्णांचा हिरवा ट्रॅक्टर, तोच तो) आणि पुढं सगळं मका-सोयाबीनखाली गेलं. शंभरातली चारेक टक्के प्रेअरी उरलीय, ती पण जास्त करून इथल्या फ्लिंट हिल्समध्ये, कारण तिथं खाली दगड, नांगर चालेना. आता लोक जुन्या शेतात परत प्रेअरी करायला बघतात, महागाचं बी टाकतात, आणि उगवतं काय, तर कुठंही येणारी चार चिवट झाडं. लेडप्लांट, कंपास प्लांट असली उशिरा जम बसवणारी, जुन्या प्रेअरीतली फुलझाडं टिकतच नाहीत, कारण वर्षानुवर्षं नांगरून, खतं टाकून मातीतली मूळची बुरशी गेलेली असते. मग एका महिन्यात फुलांचा पूर आणि पुढच्या महिन्यात मधमाश्या उपाशी. म्हणून आम्ही न नांगरलेल्या प्रेअरीतली माती थोडी आणतो, त्यातली बुरशी कुंड्यांत वाढवतो, रोपांच्या मुळाशी लावतो आणि ती रोपं शेतात जातात. बाजारचा पुडा इथं बहुतेकदा कामाला येत नाही, बुरशी तिथलीच पाहिजे. तुमच्या पुड्याचं मला माहीत नाही, पण व्हॅम टाकून वरनं डीएपी खत ओतू नका, स्फुरद आयतं मिळालं की झाड बुरशीला विचारत नाही. आणि त्याच आठवड्यात बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग तर नकोच नको!

आई, तुला आवडेल असं एक. मारुतीला आपण रुईची माळ घालतो ना, त्या रुईच्याच कुळातलं मिल्कवीड नावाचं झाड इथं आहे, तसाच चीक. मोनार्क फुलपाखराची अळी तेवढंच खाते, दुसरं काही नाही, आणि हिवाळ्याला ती फुलपाखरं पार मेक्सिकोच्या डोंगरात जातात. मुळाशी कुठली बुरशी आहे त्यावर त्या चिकातलं विष कमी-जास्त होतं असं प्रयोगात दिसलंय. म्हणजे जमिनीखालचं वर फुलपाखरापर्यंत पोचतं. हे काम आहे माझं. पगार मिळतो त्याचा, इन्शुरन्स आहे, आणि परत कुणी "खुरपायला गेलीय का" विचारलं तर हो म्हणा, मला काय लाज नाही.

आता पप्याच्या लग्नाचं. मी येत नाहीये. तिकिटाचं कारण नाही हे तुम्हाला माहितीय, व्हिसाचं रिन्यूअल अडकलंय, बाहेर पडले तर परत येईनच असं नाही, आणि रोपं लावायचा महिना पण तोच. मावशीला सांगा परीक्षा आहे, तिला व्हिसा कळणार नाही. हळदीला मी व्हिडिओवर असेन, फोन आडवा धरायला सांगा त्याला, आणि करवलीचा मान चिंगीला द्या, रुसवा-बिसवा नाही माझा. अजिबात नाही.

पप्याचं लग्न उरकल्यावर माझ्या स्थळाचं बोलू. पुण्याच्या मुलाचा फोटो बघितला, बरा आहे, पण त्याच्या आईनं "मुलगी शेतावर असते का" विचारलं म्हणे, तर तिला हे पत्र द्या वाचायला.

पैसे शुक्रवारी टाकते, कर्जाचा हप्ता आणि मांडवाचे वेगवेगळे. मांडवाच्या पैशातनं बोअरचं बिल भागवू नका बाबा, बोअरचे मी जूनमध्ये देते. आणि बँकेतनं बोलतोय म्हणून कुणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, पप्यानं मागितला तरी नाही.

तुमची,
सोनू