लॅब्राडोरचे वजन आणि त्याचे वय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापते नऊ दिवस, जवळ आला की पाळीव प्राण्यांना पाणी ठेवा, दुपारी बाहेर काढू नका, अशा बातम्या सगळीकडे छापून येतात. त्या हव्यातच. पण नागपुरातल्या लॅब्राडोर कुत्र्यांना बाराही महिने छळणाऱ्या वाढत्या वजनाबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

अंबाझरी किंवा फुटाळा तलावाकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी जरा लक्ष देऊन पाहावे. सात-आठ वर्षांचे लॅब्राडोर थोडे चालले की धापा टाकत बसकण मारतात, उठताना मागचे पाय लटपटतात. मालक मात्र अभिमानाने सांगतात, ‘पंचेचाळीस किलोचा आहे.’ या जातीच्या प्रौढ नराचे वजन साधारण 29 ते 36 किलो आणि मादीचे 25 ते 32 किलो असावे. पंचेचाळीस किलो म्हणजे नऊ-दहा किलोचे जादा ओझे त्या जनावराच्या सांध्यांवर कायमचे लादलेले. मग तो बसून राहू लागला की आपण म्हणतो, वय झाले आता त्याचे.

लॅब्राडोरचे आयुष्य साधारण 10 ते 12 वर्षे धरतात. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवरून 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम आयुर्मान, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्मी कुत्री जगतात ते, 12 वर्षे निघाले. चॉकलेटी रंगाच्या कुत्र्यांचे मात्र 10.7 वर्षे, आणि त्यांच्यात कानाचे व त्वचेचे आजारही जास्त आढळले. चॉकलेटी पिल्लाचाच हट्ट धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याच अभ्यासात सर्वांत जास्त दिसलेल्या तक्रारी होत्या कानाचा संसर्ग, लठ्ठपणा आणि सांध्यांची झीज.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतला, 2002 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. प्युरिना या श्वानखाद्य कंपनीने लॅब्राडोरची 48 पिल्ले घेतली आणि एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढे दिले, त्याच्यापेक्षा पाव हिस्सा कमी दुसऱ्याला, तेही जन्मभर. बाकी सारे सारखे. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान 13 वर्षे भरले, जास्त खाणाऱ्यांचे 11.2. जवळजवळ दोन वर्षांचा फरक. सांधेदुखीचे कायमचे औषध लागण्याची वेळ तर कमी खाणाऱ्यांवर सुमारे तीन वर्षे उशिरा आली. खाद्य विकणारी कंपनीच कमी खाऊ घाला म्हणते, तेव्हा आपण ऐकायला हवे.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, ‘पण तो सारखा मागतो, भुकेला असतो बिचारा.’ ते खरेच आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले की, सुमारे चारपैकी एका लॅब्राडोरमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि असे कुत्रे खाण्यासाठी जास्त आसुसलेले असते. असे कुत्रे विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही कमी खर्च करतात, हे 2024 मध्ये समोर आले. त्याला हावरट म्हणून रागावू नये, आणि तो मागतो म्हणून देऊही नये. कुठे थांबायचे हे त्याच्या भुकेवरून कळत नाही. ते आपणच ठरवायचे.

आमच्या घरची काळी लॅब आता बारा वर्षांची आहे आणि जिना चढते. ती सडपातळ आहे म्हणून शेजारीपाजारी विचारतात, ‘काहून जी, खायले नाही देत का हिले?’ या प्रश्नाचेच मला वाईट वाटते. गुबगुबीत कुत्रा म्हणजे खात्यापित्या घरचा, ही आपली समजूत जनावराच्या जिवावर उठते. घरातला प्रत्येक जण प्रेमाने थोडे थोडे देतो. आजोबांच्या चहाबरोबरचे बिस्किट, मुलांच्या डब्यातली उरलेली पोळी, वर ताटातला भात. रविवारी सावजी मटणाची हाडे. शिजवलेले हाड फुटून आतड्यात रुतते, आणि रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षे, मनुका, चॉकलेट हेही त्याला विषच.

वजन ओळखायला डॉक्टर लागत नाही. बरगड्यांवरून हलका हात फिरवा. जोर न लावता फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिले तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. तशी नसेल तर मोजून द्यायला लागावे. कमी खाऊनही वजन उतरत नसेल, तर थायरॉईड तपासून घ्यावे. मात्र जाड झालेल्या कुत्र्याला एकदम पळवू नये, गुडघ्याचा सांधा धरून ठेवणारा लिगामेंट तुटू शकतो.

आता पिल्लांच्या बाजाराविषयी. ‘डबल बोन’, ‘हेवी बोन’, म्हणजे जाड हाडापायाचे पिल्लू, म्हणून जादा पैसे घेतले जातात. वैद्यकशास्त्रात डबल बोन असे काही नाही. जाड पायांऐवजी आईबापांच्या खुब्याचा आणि कोपराचा एक्स-रे मागा, कारण खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, पिढीतून येतो. भराभर वाढवलेल्या पिल्लात तो लवकर डोके वर काढतो. केंद्राच्या 2017 च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि 8 आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. नोंदणी विचारणारे गिऱ्हाईक मला अजून भेटायचे आहे. आणि पिल्लू घरी आणल्यावर त्याचे पाय घसरू नयेत म्हणून गुळगुळीत टाइल्सवर, त्याच्या वावरण्याच्या जागी, सतरंजी किंवा रबरी मॅट टाकावी.

उन्हाचेही वजनाशी नाते आहेच. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि चरबीचा थर ती आत कोंडून ठेवतो. पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या आपल्या गावात जाड लॅब्राडोरला उष्माघाताचा धोका म्हणूनच अधिक. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचाही फारसा उपयोग होत नाही. लॅब्राडोरचे लोंबते कान पावसाळ्यात ओले राहून वाहू लागतात, ते कोरडे करावेत. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. अशा वेळी त्याच दिवशी रक्त तपासावे.

माझी एक मागणी आहे. राज्याचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ 2000 सालापासून आपल्याच शहरात आहे. जागतिक रेबीज दिनाच्या, म्हणजे 28 सप्टेंबरच्या सुमारास लसीकरण शिबिरे होतात. विद्यापीठ, महापालिका, खासगी डॉक्टर, जो कोणी शिबिर घेईल त्याने तिथे धान्याच्या दुकानात असतो तसा एक प्लॅटफॉर्म काटा ठेवावा. चाळीस किलोचे जनावर कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभे राहता येत नाही, त्यामुळे बहुतेकांना आपल्या कुत्र्याचे खरे वजन माहीतच नसते. लसीच्या कार्डावर तारखेसोबत वजन लिहून द्यावे, आणि शिबिराची बातमी छापताना आपण फासळ्या तपासण्याची रीत चौकटीत द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक वाचक
त्रिमूर्तीनगर, नागपूर