एकाच चॅसिसमध्ये दोन पिढ्यांचे नोड: सुसंगततेची लेखी ग्वाही देऊन नंतर सपोर्ट नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व ग्राहकसेवा विभाग

विषय: चार नोडच्या सर्व्हर चॅसिसमध्ये पुरवलेल्या दोन नव्या नोडबाबत.

संदर्भ: आमचा चौकशीचा ई-मेल, आपले कोटेशन, आमची पर्चेस ऑर्डर व आपल्या सपोर्ट विभागाचे अखेरचे उत्तर (प्रती सोबत जोडल्या आहेत).

महोदय,

आपल्या कंपनीचा दोन यू (यू हे रॅकमधील उंचीचे एकक) उंचीचा, चार नोडचा सर्व्हर चॅसिस, म्हणजे चार स्वतंत्र सर्व्हर (नोड) एकत्र बसवण्याचा सामाईक सांगाडा, आमच्या अभियांत्रिकी डिझाइन कार्यालयात काही वर्षांपासून चालू आहे. त्यातील प्रत्येक नोडमध्ये इंटेलच्या कॅस्केड लेक पिढीचे दोन झिऑन गोल्ड ६२३० प्रोसेसर होते आणि त्या स्थितीत आमची कोणतीही तक्रार नव्हती. क्षमता वाढवण्याची वेळ आली तेव्हा नवा चॅसिस घ्यावा की जुन्यातलेच दोन नोड बदलावेत, हा प्रश्न आम्ही आपल्या विक्री प्रतिनिधींपुढे ठेवला. दोन जुने नोड राहतील, त्यांच्या शेजारी नंतरच्या आइस लेक पिढीचे दोन नवे नोड बसतील, आणि पॉवर सप्लाय, पंखे व बॅकप्लेन (डिस्क जोडण्याचा सामाईक बोर्ड) आहेत तेच वापरले जातील, हे आमच्या ई-मेलमध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. त्यावर आलेल्या आपल्या कोटेशनमध्ये नवे नोड 'सध्याच्या चॅसिसशी सुसंगत' असल्याची ओळ आहे. याच ओळीवर विसंबून आम्ही ऑर्डर दिली.

नवे नोड खाचेत व्यवस्थित बसले आणि सुरूही झाले. आपल्या अभियंत्यांनी इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही घेतली ती एवढ्यावरच. मात्र ते बसवल्यापासून चॅसिसचे सर्व पंखे सतत पूर्ण वेगाने फिरत आहेत. या रचनेत पंखे चारही नोडना सामाईक असतात आणि प्रत्येक नोडचा बीएमसी (नोडवर देखरेख ठेवणारा छोटा नियंत्रक) त्या नोडचे तापमान चॅसिसच्या नियंत्रकाला कळवतो. चॅसिस नियंत्रकाचे फर्मवेअर (उपकरणातच बसवलेले सॉफ्टवेअर) नव्या नोडचे सेन्सर ओळखत नसल्यामुळे तो सावधगिरी म्हणून पंखे कमाल वेगावर नेऊन ठेवतो. आवाज एकवेळ सोसता येईल. परंतु पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी वीज साधारण आठपट होते, हा पंख्यांचा नियम आपल्याला सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय म्हणून आपल्या सपोर्ट विभागाने चॅसिस नियंत्रकाचे नवे फर्मवेअर घालण्यास सांगितले. त्या फर्मवेअरसोबतच्या टिपणीत असे नमूद आहे की, चॅसिसमधील प्रत्येक नोडचा बीएमसी एका ठरावीक आवृत्तीचा किंवा त्यापुढचा असल्याशिवाय ते घालू नये. आमच्या जुन्या नोडसाठी आपण प्रसिद्ध केलेले शेवटचे बीएमसी फर्मवेअर त्या आवृत्तीच्या मागचे आहे आणि यापुढे त्या नोडसाठी नवे फर्मवेअर येणार नाही, असेही आपलेच लोक सांगतात. म्हणजे नव्या नोडला जे फर्मवेअर हवे ते जुन्या नोडला चालत नाही आणि जुन्याला जे चालते त्यात नव्याची ओळखच नाही. ही अडचण आमच्या सर्व्हर रूममध्ये निर्माण झालेली नाही. आपल्याच दोन टिपण्या शेजारी ठेवून वाचल्या असत्या, तर कोटेशन देण्यापूर्वी ती कोणालाही दिसली असती.

विजेचा प्रश्न याहून गंभीर आहे. गोल्ड ६२३० प्रोसेसर १२५ वॅटचा आहे, तर नव्या नोडमधील गोल्ड ६३३० हा २०५ वॅटचा. चारही नोड जुने असताना आठ प्रोसेसरची मिळून १,००० वॅटची गरज होती. आता ती १,३२० वॅट झाली आहे, आणि यात मेमरी, डिस्क किंवा पंखे धरलेले नाहीत. चॅसिसमध्ये १,६०० वॅटचे दोन पॉवर सप्लाय आहेत ते अशासाठी की, एक बंद पडला तर उरलेल्या एकावर सगळा भार चालावा. आपल्या अभियंत्यांसमोर आम्ही पूर्ण भार असताना एक पॉवर सप्लाय काढून पाहिला, तेव्हा नियंत्रकाने चारही नोडच्या प्रोसेसरचा वेग खाली आणला. एका मीटरवर चार बिऱ्हाडे असावीत, तशी ही रचना आहे. नव्या बिऱ्हाडाच्या वापराचा भुर्दंड जुन्यांनाही बसतो. दोन जुन्या नोडवर चालणारी आमची कामे या खरेदीपूर्वी सुरक्षित होती, ती आता नाहीत.

नव्या नोडच्या एनव्हीएमई (वेगवान सॉलिड-स्टेट) डिस्कवरही पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या चुकांच्या नोंदी येत होत्या. बॅकप्लेन या जोडणीच्या तिसऱ्या पिढीच्या वेगासाठी बनवलेला आहे आणि नवे नोड चौथ्या पिढीच्या, म्हणजे दुप्पट वेगाने बोलू पाहतात. बायोसमध्ये (नोड सुरू करणाऱ्या मूळ फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) वेग तिसऱ्या पिढीवर बांधून टाकल्यावर नोंदी थांबल्या. मात्र ज्या वेगाचे पैसे आम्ही मोजले, तो मिळत नाही. जुन्या व नव्या नोडमध्ये व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभारलेला आभासी संगणक) चालू स्थितीत हलवण्यासाठी नव्या प्रोसेसरच्या काही सूचना (इन्स्ट्रक्शन) झाकून ठेवाव्या लागतात, हे आम्हाला आधीपासून ठाऊक होते आणि त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही.

एवढे सगळे कळवल्यावर आपल्या सपोर्ट विभागाने 'एकाच चॅसिसमध्ये दोन पिढ्यांचे नोड ही तपासलेली रचना नाही' असे उत्तर देऊन तक्रार बंद केली. सुसंगततेच्या ज्या तक्त्याचा त्यासाठी आधार घेतला, तो विक्रीच्या वेळी आम्हाला दाखवलाही नव्हता. विक्री विभाग जे सुसंगत म्हणून विकतो, ते सपोर्ट विभाग असमर्थित म्हणून नाकारतो, या दोघांतला मेळ घालण्याचे काम ग्राहकाचे नाही. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६(१) नुसार, खरेदीदाराने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या ज्ञानावर भिस्त ठेवली असेल, तर विक्रेत्याने नेहमीच्या व्यवसायात पुरवलेला माल त्या हेतूसाठी वाजवीपणे योग्य असावा, ही गर्भित शर्त ठरते. आमचा हेतू आपल्याकडे लेखी आहे.

तरी आपण जुन्या नोडसाठी आवश्यक ते बीएमसी फर्मवेअर अधिकृतपणे प्रसिद्ध करावे, अधिक क्षमतेचे दोन पॉवर सप्लाय विनामूल्य बदलून द्यावेत आणि या मिश्र रचनेला वॉरंटी संपेपर्यंत सपोर्ट राहील, असे लेखी द्यावे. ते शक्य नसल्यास दोन्ही नव्या नोडसाठी स्वतंत्र चॅसिस आपल्या खर्चाने पुरवावा किंवा नोड परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. यापैकी कोणता मार्ग आपण स्वीकारता, ते हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत निर्णयाचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या सहीने कळवावे. पर्चेस ऑर्डरमधील अटीनुसार बिलाची राखून ठेवलेली रक्कम तोपर्यंत अदा केली जाणार नाही.

आपला विश्वासू,
प्रमुख, संगणक विभाग