पासष्टीनंतरची किडनी आणि टॅक लेव्हल : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवायची ६५ वर्षांची वयोमर्यादा केंद्राने २०२३ मध्ये काढली, म्हणून माझ्या वडिलांना सदुसष्टाव्या वर्षी किडनी मिळाली. त्याबद्दल मनापासून आभार. आता पुढचे मागणे.

वय वाढते तशी थायमस ग्रंथी आक्रसते, नव्या टी-पेशी (शरीरात शिरलेल्या परक्या गोष्टींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी तयार होतात. त्यामुळे वयस्कांना रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने नवी किडनी परकी मानून नाकारण्याचा, झटका तरुणांपेक्षा कमी येतो. पण जंतूंशी लढायची ताकदही तेवढीच घटलेली असते. तरुणाच्या मापाने टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही रिजेक्शन रोखायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर किडनी शाबूत राहते आणि माणूस न्यूमोनियाने जातो. बरे, डोस सरसकट उतरवावा तर तेही धोक्याचे. वयस्काला पुष्कळदा वयस्क दात्याचीच किडनी मिळते. ती शरीराला अधिक डिवचते आणि एकदा रिजेक्शन आले की लवकर सावरत नाही. लहान मुलांचे याच्या उलट: त्यांचे शरीर टॅक्रोलिमस झपाट्याने संपवते, वजनाच्या मानाने डोस जास्त लागतो. म्हणून ज्याचा त्याचा डोस रक्ततपासणी बघूनच ठरवावा लागतो.

आणि तिथेच आमचे हाल होतात. टॅक लेव्हलचे, म्हणजे रक्तात टॅक्रोलिमस किती आहे ते मोजायचे, रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. आमच्या तालुक्यात ही सोय नाही. बाबा पहाटेच्या एसटीने शहर गाठतात, सकाळची गोळी शर्टाच्या खिशात. गाडी रखडली की रक्त उशिरा, गोळी उशिरा, आणि आकडाही भरवशाचा राहत नाही. या वयात बीपीच्या, शुगरच्या गोळ्या सोबत असतातच. बीपीचे डिल्टियाझेम किंवा बुरशीवरचे फ्लुकोनाझोल सुरू झाले की लेव्हल चढते. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन सुरू झाले की ती कोसळते.

साहेब, रक्ताचा नमुना नीट थंड ठेवून पाठवता येतो. तो प्रत्येक जिल्हा रुग्णालयात घ्यावा आणि महात्मा फुले योजनेतून ही तपासणी मोफत व्हावी. प्रत्यारोपणानंतर किती जणांना रिजेक्शन आले, किती जंतुसंसर्गाने गेले, याची वयोगटवार आकडेवारी राज्याने दरवर्षी जाहीर करावी. डॉक्टरांना आपल्याच माणसांवरून डोसचा अंदाज बांधता येईल. आणि क्षयरोगाची औषधे लिहिण्याआधी ‘प्रत्यारोपण झाले आहे का?’ हे विचारणे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सक्तीचे करावे.

आपली,
एका किडनी रुग्णाची मुलगी