यंत्र दिलंत, ते उघडायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या भागातल्या एका महिला बचत गटाचा फोटो आला होता. हार घातलेलं स्टीलचं यंत्र, समोर फोडलेला नारळ, दोन्ही बाजूंना उभ्या बायका. यंत्र म्हणजे हाताने दांडा ओढून पेस्ट किंवा पातळ पदार्थ बरणीत भरायचं फिलिंग मशीन. फोटो बघून बरं वाटलं आणि लगेच काळजीही वाटली. अशी पाच-सहा यंत्रं या वर्षात माझ्या ओट्यावर दुरुस्तीला येऊन गेलीत. एकाचाही भाग मोडलेला नव्हता. सगळी आत साचलेल्या मालाने अडली होती.

मी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये सायझिंग खात्यात फिटर होतो. ताण्याच्या सुताला खळ लावायचं ते खातं. स्टार्च शिजवून केलेली खळ पंपाने नळ्यांतून फिरायची. पाळी सुटताना पंप गरम पाण्याने धुतला नाही, तर सकाळी आतली खळ खरवडून काढावी लागायची, आणि आंबूस वास पार दारापर्यंत यायचा. आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आल्या आल्या झाकण उघडून आधी वास घ्यायचा, मग हजेरी. गिरणी जाऊन इतकी वर्षं झाली, पण कुठलाही पंप दिसला की माझं नाक आधी पुढे जातं.

तर माझी सून ज्या गटात आहे तो गट आलं-लसूण पेस्ट आणि शेंगदाण्याची मऊ पेस्ट, म्हणजे पीनट बटर, भरतो. एका संध्याकाळी ती यंत्र घेऊन आली. "मामा, दांडा लई जड जातोय, आन् मागनं गळतंय पण." विचारलं, शेवटचं कधी उघडलं होतं? "उघडायचं कशाला? रोज धुतो की, गरम पाणी ओढून."

इथेच सगळं चुकतं. या यंत्रात वर माल घालायचा हॉपर, खाली आडवा सिलिंडर, त्यात मागेपुढे होणारा पिस्टन, एक झडप आणि टोकाला नोझल. दांडा मागे घेतला की हॉपरमधला माल सिलिंडरमध्ये येतो, पुढे ढकलला की नोझलमधून बाहेर. पिस्टनच्या खाचेत सील किंवा ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी गोल कडी, बसवलेली असते. नुसतं पाणी ओढून काढलं तर मधली वाट धुतली जाते. ओ-रिंगेखालची खाच, झडपेची बैठक, नोझलचे आटे तसेच राहतात. मी पिस्टन बाहेर काढला तर खाचेत हिरवी-काळी, बुळबुळीत रेघ गोल फिरलेली. वास घेतला आणि सुनेच्या हातात दिला. ती काही बोलली नाही. त्या महिन्यात त्यांच्या पेस्टची काही पाकिटं फुगून परत आली होती, आणि गटात सगळ्यांनी लसणाच्या व्यापाऱ्याला दोष दिला होता.

आता धुण्याचं. हॉपरमधला उरलेला माल आधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या उलथण्याने काढून घ्यायचा. मग कोमट पाणी ओढायचं. एकदम उकळतं नको, विशेषतः दुधाचा किंवा डाळीच्या पिठाचा पदार्थ असेल तर, कारण कडक पाण्याने तो आतच शिजून चिकटतो. तेलकट माल असेल तर त्यानंतर साबणाचं चांगलं गरम पाणी लागतंच. यानंतर सगळं सुटं करायचं: हॉपर, पिस्टन, ओ-रिंगा, झडप, नोझल. ओ-रिंग बोटांनी काढायची किंवा लाकडी काडीने, सुरीच्या टोकाने नाही. सुरीचा एक ओरखडा बसला की तिथूनच गळती. नोझलला बाटली धुवायचा बारीक ब्रश. धुऊन झालं की उकळलेल्या पाण्यातून काढायचं आणि स्वच्छ कापडावर पालथं घालून रात्रभर सुकू द्यायचं. ओलं जोडून ठेवलं तर धुतल्याचा काय उपयोग?

धुण्याआधी औषध मारणं हेही जागोजाग दिसतं. ब्लीचिंगचं पाणी मळलेल्या खाचेवर ओतून काही साधत नाही, चिकट थराखाली जंतू सुखात असतात. उलट त्या पाण्यात भाग रात्रभर बुडवून ठेवले तर स्टीलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. मिठाचा मालही तेच करतो. म्हणून आलं-लसूण पेस्ट किंवा लोणच्याचा मसाला यंत्रात रात्रभर ठेवू नये, यंत्र कितीही 'एसएस ३०४', म्हणजे चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं, असलं तरी. आणि तारेची घासणी सिलिंडरला लावणाऱ्याचा हात मी जागच्या जागी धरतो.

पाण्याचं रडगाणं आपल्याला नवीन नाही. आमच्या पेठेत नळ चार दिवसांआड येतो, मधल्या दिवसांत पिंपातलं किंवा बोअरचं पाणी. नीट धुवायला मला दोन बादल्या लागतात. पहिली बादली साठवलेल्या पाण्याची चालेल, पण शेवटचं पाणी उकळलेलंच हवं. बोअरच्या पाण्याने सिलिंडरवर पांढरा क्षार धरतो आणि तो ओ-रिंगेला कानशीसारखा घासतो. पंधरा दिवसांतून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने पुसला की निघतो.

ओ-रिंगेवरून आठवलं. मागे एका गटाने जुनी ओ-रिंग तुटल्यावर नळाच्या सामानाच्या दुकानातली काळी रबरी रिंग बसवली. शेंगदाण्याच्या तेलात ती चार दिवसांत फुगली आणि दांडा जागचा हलेना. मग त्यांनी दोघींनी मिळून जोर लावला आणि दांडाच वाकवला. तेलकट मालाला टेफ्लॉनचं सील किंवा तेल सोसणारी, खाद्यपदार्थांना चालणारी ओ-रिंग लागते. वंगणाचंही तसंच: सायकलच्या दुकानातलं ग्रीस पिस्टनला लावलेलं मी पाहिलंय. ते शेवटी पेस्टमध्येच उतरतं. खाद्यपदार्थांच्या यंत्रांसाठीचं वेगळं ग्रीस मिळतं, तेच आणि नखाएवढंच.

सील झिजलं की माल मागे सरकतो आणि प्रत्येक बरणीत थोडा कमी पडतो. १०० ग्रॅमच्या बरणीत कायद्याने साडेचार ग्रॅमपर्यंतची तूट एखाद्या नगाला चालते. सुनेच्या गटाच्या बरण्या मी तराजूवर ठेवल्या तेव्हा ९३ भरल्या. बायका कुणाला फसवत नव्हत्या, पण ग्राहकाला ते कसं कळणार? यंत्रावरचे आकडे मिलिलिटरचे असतात हेही ध्यानात ठेवावं. १०० मिलि शेंगतेल साधारण ९१ ग्रॅम भरतं, तर मध जवळपास १४०. माल बदलला की दहा बरण्या तोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणखी एक गोष्ट सोलापुरात सांगितली तर लोक हसतात. जगात काहींना शेंगदाणा अजिबात सोसत नाही. कणभर पोटात गेला तरी घसा सुजून जीव धोक्यात येतो. शेंगा चटणीवर वाढलेल्या माणसाला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. पण खाद्यपदार्थांच्या लेबलच्या २०२० च्या नियमांनुसार पदार्थात शेंगदाणा असेल तर तसं पाकिटावर लिहावं लागतं. सकाळी पीनट बटर आणि दुपारी त्याच यंत्रात, तीच ओ-रिंग ठेवून, आलं-लसूण पेस्ट भरली तर पाकिटावर न लिहिलेला शेंगदाणा आत जाणारच. सुनेच्या गटात आता शेंगदाण्याचा माल दिवसाच्या शेवटी भरतात आणि त्याच्या सीलांचा संच वेगळा, लाल दोरा बांधून ठेवलेला. (आपली भरड शेंगा चटणी मात्र या यंत्रात घालूच नका. ती हातानेच भरावी.)

माझी तक्रार बायकांवर नाही. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना ३५ टक्के अनुदानाची केंद्राची योजना २०२० मध्ये आली, त्यामुळे यंत्रं घरोघर पोचताहेत, ती पोचावीतच. पण विक्रेता येतो, पाणी भरून चार वेळा दांडा ओढून दाखवतो, फोटो काढतो आणि जातो. सुनेच्या यंत्रासोबत आलेला कागद इंग्रजीत होता, आणि त्यात पिस्टन कसा काढायचा याची एक ओळ नव्हती. जोडीला एकही जादा सील नाही. प्रशिक्षणाच्या दिवसांत हिशेब शिकवतात, पॅकिंग शिकवतात. त्यातला अर्धा दिवस यंत्र प्रत्येकीच्या हाताने उघडून, धुऊन, परत जोडून घेण्यात घालवा. पहिल्यांदा जोडताना एक वॉशर हमखास उरतो, तो तिथेच उरलेला बरा. विक्रेत्यांनी मराठीत चित्रांचा कागद आणि सीलांचा एक संच यंत्राबरोबर द्यावा. आणि आपण अशा बातमीचा फोटो छापाल तेव्हा वार्ताहराला एवढंच विचारायला सांगा: यातला पिस्टन काढून दाखवता का?

आपला,
एक निवृत्त फिटर,
साखर पेठ, सोलापूर