खिडकीची काच बसवणाऱ्या मिस्त्रींना अनावृत पत्र

आदरणीय मिस्त्री,

माहीमच्या आमच्या घरी आपण काच बदलून दिलीत, त्या कामाचे पैसे आपण घेतलेत. ज्याचे घेतले नाहीत, त्यासाठी हे पत्र आहे.

पश्चिमेचे ऊन आईला सोसत नाही, म्हणून आम्ही महागडी लो-ई काच, म्हणजे उष्णता परतवणारा अतिशय पातळ थर (कोटिंग) चढवलेली काच, बसवून घेतली होती. पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर डाग उमटले. तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने काच पाहायला येण्याचेही कष्ट न घेता फोनवरच निकाल देऊन टाकला, की घरातल्या बाईने घासून घासून कोटिंग घालवले. तेव्हापासून आईने त्या खिडकीला हात लावणे सोडले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती स्वतःच आपला अपराध सांगू लागली.

आपण आधी लायटर पेटवून काचेसमोर धरलात. ज्योतीची दोन प्रतिबिंबे दिसली आणि खोलीकडच्या प्रतिबिंबाचा रंग वेगळा होता. म्हणजे कोटिंग घरातल्या हवेत उघडेच होते. त्यातला चांदीचा थर जेमतेम 10 नॅनोमीटर, मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतका असतो आणि तो दोन काचांच्या मध्ये हवाबंदच ठेवावा लागतो, हे आम्हाला प्रथमच कळले. तापलेल्या काचेवरच चढवलेले टिकाऊ कोटिंग उघडे चालते, पण आमचे त्या जातीचे नव्हते. काच विकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवे. आणि ठाऊक असूनही त्याने म्हाताऱ्या बाईवर खापर फोडले असेल, तर त्याला काय म्हणावे?

मग आपण कडेचे रबर काढलेत, आईला हाक मारून खुर्चीवर बसवलेत आणि खालचा कोपरा दाखवलात. सर्वांत मोठा डाग रबराखालून सुरू होऊन आत पसरला होता. "मावशी, इथे तुमचं फडकं पोहोचलंच नसतं. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेने चांदी खाल्ली आहे." आईने चष्मा पुसून तो कोपरा पुन्हा पाहिला, बोटाने चाचपला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, मी नव्हतं केलं."

नवी दुहेरी काच आणलीत तेव्हा कडेचे कोटिंग घासून काढलेली पट्टीही आपण दाखवलीत, कारण कडा बंद करणाऱ्या सीलंटने नुसती काच धरली तरच कडेकडून दमटपणा चांदीपर्यंत पोहोचत नाही. पुन्हा लायटर धरल्यावर दोन काचांच्या चार पृष्ठभागांत दिसणाऱ्या चार ज्योतींपैकी बाहेरून दुसरीचा रंग वेगळा आहे, याची खात्री आईकडूनच करून घेतलीत. ग्राहकाला अडाणी न समजता, आपल्या विद्येचा धाक न घालता, समोरच्याला पटेपर्यंत समजावून सांगणारी माणसे या शहरात आजही आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

त्या दिवशी आपण चहाही न घेता पुढच्या कामावर गेलात. गणपतीत सहकुटुंब जेवायला यावे, असा आईचा आग्रह आहे.

आपला कृतज्ञ,
माहीमचा एक रहिवासी