गव्हाच्या डब्यातला इतिहास

महोदय,

गेल्या रविवारी पुण्यात समलिंगी आणि तृतीयपंथी ज्येष्ठांच्या आठवणींची बैठक ऐकली. एका काकांनी १९९० साली सुरू झालेल्या ‘बॉम्बे दोस्त’ या समलिंगींसाठीच्या नियतकालिकाचा जुना अंक पिशवीतून काढला. घरच्यांच्या धास्तीने त्यांनी तो वर्षानुवर्षे गव्हाच्या डब्यात दडवला होता. घड्या उलगडताना त्यांचे हात थरथरत होते. समोरची विशीतली मुले श्वास रोखून बघत होती.

बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगी आणि तृतीयपंथी समाजासाठी २००२मध्ये स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट, या समाजाची २०११ची पुण्यातली पहिली प्राइड (अभिमान) पदयात्रा, हाही आपल्या शहराचाच इतिहास आहे. सांगणारी माणसे आता थकत चालली आहेत. महापालिकेच्या वाचनालयांनी अशा बैठकांना महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी, बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. पुढच्या बैठकीला मी आईलाही नेणार आहे.

– एक वाचक, पुणे