बंब पेटला, काळजी नसावी

शेफील्ड, 9 नोव्हेंबर

ती. बाबा, ती. सौ. आई आणि ती. आजी यांना
शि. सा. नमस्कार.

बाबा, घर गरम करणारा बॉयलर बंद पडल्याचं सांगत होते तेव्हा फोनवर तुम्ही म्हणालात, "असं तुकड्यातुकड्यानं नको सांगू बेटा. आधी काय झालं, मग काय झालं, क्रमानं लिहून पाठव." कोराडीचं वीजकेंद्र सुटलं तरी लॉगबुक काही सुटलं नाही तुमचं. म्हणून टपालानेच लिहिते आहे. आजीला कागद हातात धरून वाचायला आवडतं, आणि कागदावर आईला मध्येच "स्वेटर घातलास का" असं विचारता येत नाही.

शेवट आधीच सांगून टाकते. घर गरम आहे, मी ठणठणीत आहे. दादाने "पाच दिवस थंडीत कुडकुडून राहिली होती" असं जे सांगितलं ते अर्धंच खरं. आंघोळीला गरम पाणी रोज होतं. इथे पाण्याच्या टाकीच्या पोटात विजेचा हीटर असतो, आपल्या बादलीतल्या रॉडचाच मोठा भाऊ. थंड होत्या त्या फक्त खोल्या. फराळाचा डबा पोचला, चकल्यांचा चुरा झाला, तो मी चहात घालून खाल्ला. ऑफिसचं नेहमीचंच, ते लिहीत नाही.

पण बॉयलरच्या आधी इथली एक रीत सांगायलाच हवी, नाहीतर आई म्हणेल, "इतके दिवस बंद होता तर कळलं कसं नाही?" इथे घर गरम करणं ही गरजेची गोष्ट नाही, मुहूर्ताची आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे करतात, म्हणूनच आपलं अंतर साडेचारचं साडेपाच तास झालं. तो रविवार येईपर्यंत हीटिंग लावायचं नाही, असा पुष्कळ लोकांचा नेम. कायदा नाही, कुठे लिहिलेलं नाही. ऑफिसात लोक एकमेकांना विचारतात, "तुमच्याकडे लावलं का?" आणि समोरचा उपासाच्या दिवशी पाणीसुद्धा न पिणाऱ्या माणसाच्या तोऱ्यात सांगतो, "छे, अजून नाही." आमच्या घरमालकीणबाई 78 वर्षांच्या. स्वयंपाकघरात 13 अंश. अंगात दोन स्वेटर, त्यावर गाऊन, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, आणि मला म्हणतात की आज तशी थंडी नाही. मी म्हटलं, लावू या का थोडा वेळ? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चतुर्थीला अंडं मागितलं. बिलाची भीती आहेच, पण तेवढंच नाही. मला आधी हे भैताडपण वाटलं. मग आठवलं, मार्चमध्ये पारा 38 वर गेला तरी होळी पेटल्याशिवाय आपला कूलर माळ्यावरून खाली येत नाही. आई पदराने वारा घेत बसते आणि तुम्ही म्हणता, "आत्तापासून कूलर लावला तर मे महिन्यात काय कराल?" तर बाबा, तेच हे. उलट्या बाजूने.

तर त्या रविवारी संध्याकाळी मुहूर्त झाला. बाईंनी खटका दाबला. काहीच नाही.

बॉयलर स्वयंपाकघरात जमिनीवरच उभा आहे, जुन्या फ्रिजएवढा, पांढरा, आत बिडाचं धूड. बाईंच्या यजमानांनी घेतलेला, म्हणजे चाळीस वर्षांचा तरी. नव्या बॉयलरसारखा पडद्यावर आकडा दाखवून "हे बिघडलं" असं सांगत नाही. आजी, तुझ्या महाल भागातल्या घरच्या बंबाची आठवण झाली. फरक इतकाच की तुझ्या बंबाला काडी लावली की पेटायचा, आणि हा पेटायच्या आधी स्वतःची खात्री करून घेतो.

आधी साध्या गोष्टी पाहिल्या. शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस येत होता. भिंतीवरचा थर्मोस्टॅट 20 वर नेला. टायमर पाहिला, फ्यूज पाहिला, ठीक होते. मग खालचं झाकण उघडलं. (बाबा, ते उघडायचंच असतं, त्याच्यामागे चालू करायची कृती छापलेली आहे. आतलं सीलबंद कव्हर मी उघडलेलं नाही, शपथ.) छोट्या काचेतून पाहिलं तर आत अंधार. अशा जुन्या बॉयलरमध्ये एक बारीक ज्योत कायम तेवत असते, तिला पायलट म्हणतात. देवघरातल्या नंदादीपासारखी. उष्णता हवी झाली की मोठा बर्नर तिच्यावरून पेटतो. बाईंनी मे महिन्यात गॅस वाचवायला ती विझवली होती आणि विसरल्या होत्या.

मग मी कृतीप्रमाणे केलं. नॉब दाबून धरायचा, शेजारचं बटण टक टक दाबायचं, ठिणगी पडते. पहिल्या चार-पाच वेळा नुसतीच ठिणगी, कारण इतके महिने बंद राहिलेल्या नळीत हवा भरलेली. मग ज्योत लागली. वीस-तीस सेकंद नॉब तसाच धरून ठेवला, बोट दुखायला लागलं, सोडला. विझली. परत. परत विझली. प्रत्येक वेळी मध्ये तीन मिनिटं थांबायचं असं त्या झाकणावर लिहिलं आहे, साचलेला गॅस निघून जावा म्हणून. मी घड्याळ लावून थांबले. 210 मेगावॉटच्या युनिटला लाइट-अपच्या आधी पाच मिनिटं पर्ज करायचं, म्हणजे हवा सोडून भट्टीतला साचलेला गॅस घालवायचा म्हणजे घालवायचाच, मग वरून कितीही फोन येवोत, हे मी जेवताना शंभर वेळा ऐकलं आहे. ऐकलेलं फुकट गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने तुम्हाला फोटो दाखवला आणि तुम्ही नागपुरात बसून "थर्मोकपल" म्हणालात. तेच निघालं, निम्मं. तुमच्याकडे थर्मोकपल तापमान सांगतो, इथे तो दारावरचा चौकीदार आहे. त्याचं टोक ज्योतीत तापलं की दोन धातूंच्या जोडावर इवलीशी वीज तयार होते, काही मिलिव्होल्ट. तेवढ्यावर एक चुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्योत गेली की टोक थंड, वीज बंद, व्हॉल्व्ह बंद. म्हणजे बॉयलर पेटत नव्हता हा त्याचा बिघाड नव्हताच म्हणा, त्याला भरवसा वाटत नव्हता. उरलेलं निम्मं असं की ज्योत निळी आणि ताठ हवी होती, ती पिवळट, मलूल, एका बाजूला कललेली होती. पायलटच्या जेटमध्ये कचरा बसला होता, ज्योत टोकापर्यंत पोचतच नव्हती.

इथेच थांबायचं होतं आणि मी थांबले. तुम्ही फोनवर ओरडलात तेव्हा मी ओरडून घेतलं, पण मी काही लहान नाही. गॅसच्या उपकरणाला हात लावायचा तर माणूस 'गॅस सेफ' या इथल्या अधिकृत यादीत नोंदलेला लागतो, आणि भाडेकरू असेल तर मालकाला दरवर्षी तपासणी करून घ्यावीच लागते. बाईंची तपासणी डिसेंबरात होती. कारागीर लगेच मिळाला नाही, कारण त्याच रविवारी अख्ख्या गावाने मुहूर्त साधला होता आणि अख्ख्या गावाचे बॉयलर एकदम रुसले होते. म्हणून पाच दिवस.

ते पाच दिवस आम्ही दोघी स्वयंपाकघरातच बसायचो, एकाच विजेच्या हीटरसमोर. बाईंचे टोंगळे दुखतात. रात्री मी गंजात पाणी तापवून त्यांची पिशवी भरून द्यायची. आई, तुझे टोंगळे कसे आहेत? तेल कोण लावून देतं? दर फोनला विचारायचं ठरवते आणि मग बॉयलरवरच बोलत बसते.

शुक्रवारी माणूस आला. आधी ओळखपत्र दाखवलं. जेट साफ केलं, थर्मोकपल बदलला. एक बारीक तांब्याची नळी, हाताएवढी लांब, पंधरा पौंडांची. मजुरी नव्वद, ती बाईंनी दिली, माझा एक पैसाही गेला नाही. धूर बाहेर नीट जातो का ते त्याने बराच वेळ तपासलं. नवा घ्या, असंही म्हणाला. पण 2005 पासून इथे कंडेन्सिंग जातीचाच (धुरातली उष्णताही वापरणारा) बसवावा लागतो, त्याला नळ्या-धुराडं सगळं बदला, दोन हजार पौंड कुठे गेले नाहीत. बाई म्हणाल्या, मी आधी जाते की हा, बघू.

जाताना त्याने भिंतीवरच्या कार्बन मोनॉक्साइडच्या (गॅस नीट जळला नाही की होणाऱ्या विषारी वायूच्या) अलार्मचं बटण दाबून बघितलं आणि मला म्हणाला की गॅसला वास मुद्दाम घालतात, या वायूला कसलाच वास नाही. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

आपल्या न्हाणीघरातला गॅस गीझर. त्याचा धूर कुठे जातो, बाबा? कुठेच नाही, आतच. आणि हिवाळ्यात वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावतो आपण, दाराला आतून कडी. गेल्या जानेवारीत आंघोळ करून आल्यावर आईला गरगरलं होतं, डोकं धरून बसली होती. आपण बीपीवर ढकललं. मीही ढकललं. तुम्ही इतकी वर्षं भट्टीशेजारी काढलीत, तुम्हाला मी काय सांगावं, पण सांगते. पाच दिवस माझ्या बॉयलरची काळजी करून राहिलात, तो तर बिचारा पेटायलाच घाबरत होता.

गीझर बाहेर गॅलरीत बसवून पाणी आत घ्या, नाहीतर विजेचा घ्या. पंधरा हजार पाठवले आहेत, या आठवड्यात दिसतील. त्यामुळे या महिन्यात शैक्षणिक कर्जात जादा भरायचे म्हटले होते ते जमणार नाही, फक्त हप्ता जाईल. मावशीच्या भिशीचे पैसे पुढच्या महिन्यात देते, तिला सांगाल का? मी सांगितलं तर ती बोलत बसेल.

मावशीवरून आठवलं. वर्ध्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. चांगला आहे, नाही म्हणत नाहीये. पण तुळशीचं लग्न झालं म्हणजे माझंही झालंच पाहिजे असं नाही ना? डिसेंबरात बघायचा कार्यक्रम ठेवू नका. डिसेंबरात येणं होणार नाही. रजेचं कारण आहेच. दुसरं असं की कामाचं आणखी एक वर्ष वाढवून मिळालं, मी हो म्हणून आले. विचारायला हवं होतं, माहीत आहे. दोन वर्षं म्हणून निघाले होते, हेही माहीत आहे. मार्चमध्ये तीन आठवडे नक्की येते, होळीला. कूलर मीच उतरवीन.

खिडकीतला पुठ्ठा मात्र पत्र वाचून झालं की लगेच काढा. फोटो पाठवा.

तुमची,
छकुली

ता. क. आई, वर्ष वाढवल्याचं दादाला आधीपासून ठाऊक होतं. मीच त्याला गप्प राहायला सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस.